एका क्रियाविशेषणाची वंशावळ

कायद्याचा मजकूर वाङ्मयासारखा वाचण्याची सवय आपल्याकडे नाही. तरी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३६ ब्रिटनच्या १८७२ च्या बॅलट अॅक्टशेजारी ठेवून पाहावे. पाठभेद तपासणाऱ्यांना ते काम ओळखीचे वाटेल. मतपत्रिका कपटाने विद्रूप वा नष्ट करणे, अधिकार नसता ती कोणाला पुरवणे, वापरातील मतपेटी उघडणे किंवा पळवणे ही गुन्ह्यांची मालिका जवळजवळ शब्दशः तीच आहे. शिक्षेचे आकडेही तेच : निवडणुकीच्या कामावरील अधिकाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, इतरांस सहा महिन्यांपर्यंत.

एक पाठभेद मात्र बोलका आहे. ब्रिटिश कायद्यात मतपेटीत कपटाने दुसरा 'कागद' टाकणे हा गुन्हा होता. आपल्याकडे दुसरे 'काहीही' टाकणे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, तिच्यावर त्याचे चिन्ह. काही मतदारांनी या पेट्यांची चक्क पूजा केली, आणि मोजणीच्या वेळी आतून फुले, नाणी, चिठ्ठ्या निघाल्या. 'कपटाने' हे एक क्रियाविशेषण मसुद्यात नसते, तर हे भाविक आरोपीच ठरले असते!

त्या पद्धतीची खरी मेख निराळी होती. मतपत्रिकेवर खूण करायचीच नव्हती. त्यामुळे ती पेटीत न टाकता गुपचूप बाहेर नेली, तर दुसऱ्याच्या हातातही ती तितकीच खरी. मतपत्रिका केंद्राबाहेर नेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगणाऱ्या कलम १३५ चे मर्म इथे उमगते. पुढे खूण करण्याची पद्धत आली, मतदानयंत्रे आली. दंडाचा आकडा पाचशेच राहिला. केंद्रच बळकावण्याचे प्रकार वाढल्यावर १९८९ साली १३५-अ जोडले गेले, ते मात्र पुष्कळ कठोर आहे.

३० जानेवारी २०२४ रोजी चंदीगडच्या महापौर-निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या, कॅमेऱ्यासमोर. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. १९५१ चा कायदा संसदेच्या व विधिमंडळांच्या निवडणुकांपुरता. महापौरपद त्याच्या कक्षेबाहेर. मला बोचते ते पुढचेच : न्यायालयाने त्या अधिकाऱ्यास फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० अन्वये कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली, ती न्यायालयापुढे खोटे विधान केल्याबद्दल, त्या आठ खुणांबद्दल नव्हे.