संकेतस्थळांचे दुवे

महाजालावरील एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे नेणारा निर्देश म्हणजे दुवा. वाचकास दिसणारे शब्द आणि त्यांमागे असलेला पत्ता अशी त्याची दोन अंगे असतात. एकाच संकेतस्थळाची पृष्ठे परस्परांस जोडणारे ते अंतर्गत दुवे, परस्थळाकडे जाणारे ते बहिर्गामी आणि परस्थळाकडून आपल्याकडे येणारे ते अंतर्गामी दुवे होत. यांपैकी पहिले दोन प्रकार स्थळकर्त्याच्या हाती असतात. तिसरा मात्र दुसऱ्याने दिल्यावाचून मिळत नाही. अंतर्गामी दुवे मिळविण्याच्या उद्योगास ‘दुवेबांधणी’ असे म्हणता येईल. परक्याच्या शिफारशीस मोल कसे आले, त्या मोलाचा बाजार कसा झाला आणि तो आवरण्याचे कोणते प्रयत्न झाले, हाच या उद्योगाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे वाचकास पाठविण्याची रीत ज्ञानकोशांत जुनीच आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात (पहिला खंड १९७६, विसावा खंड २०१५) बाणाच्या चिन्हाने व ‘पहा’ या शब्दाने असे निर्देश केलेले आहेत. ते सर्व एकाच संपादकीय शिस्तीत केलेले असल्याने त्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उद्‌भवत नाही. विज्ञानाच्या क्षेत्रात यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये निराळी कल्पना मांडली. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील कोणकोणत्या निबंधांत झाला, याची सूची केल्यास विचारांचा माग काढता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार तयार केलेली विज्ञान-उल्लेखसूची १९६४ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली आणि इतरांनी घेतलेली दखल मोजता येते, हे तीवरून स्पष्ट झाले.

टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये दुव्यांनी जोडलेल्या लिखाणास ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. दुवा दोन्ही बाजूंनी कळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या योजनेतून जे जाळे उभे राहिले, त्यात मात्र दुवा एकेरी राहिला. तो देण्यास कोणाची अनुमती लागत नाही आणि दिल्याची वर्दी दुसऱ्यास जात नाही. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. एकेरी दुव्याच्या या सुटसुटीतपणामुळे जाळे झपाट्याने वाढले. त्याचबरोबर पत्ता बदलताच दुवा तुटण्याचा दोषही त्यात कायमचा राहून गेला.

दुव्यांचे मूल्यमापन : आरंभी याहूसारख्या निर्देशिका (१९९४) माणसांकरवी स्थळांची वर्गवारी करीत, तर शोधयंत्रे मुख्यतः पृष्ठावरील शब्द पाहत. एकच शब्द शंभर वेळा लिहून अशा यंत्रास फसविता येई. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पृष्ठाचे वजन त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरविले जाते. सर्व दुवे सारखे मानले जात नाहीत. एखाद्या पृष्ठाचे वजन ६ असून त्याने तिघांस दुवे दिले, तर स्थूलमानाने प्रत्येकाच्या वाट्यास २ येतात. तेच पृष्ठ साठ जणांस दुवे देऊ लागल्यास वाटा दशांशावर येतो. म्हणून शेकडो सवंग याद्यांपेक्षा जाणकाराने निवडून दिलेला एक दुवा अधिक मोलाचा ठरू शकतो. दुव्यातील शब्दांचाही ही पद्धती विचार करी. त्यामुळे चित्रासारखी, स्वतः मजकूर नसलेली वस्तूही शोधात सापडू लागली.

व्यापार व निर्बंध : शिफारशीस मोल येताच नकली शिफारशी निघाल्या. पैसे घेऊन दुवे देणे, परस्परांस दुवे देण्याचे करार करणे, केवळ दुव्यांसाठीच पोकळ स्थळे उभारणे असे प्रकार बोकाळले. जानेवारी २००५ मध्ये प्रमुख शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती लावलेला दुवा वाचकास उपयोगी पडे, पण त्या काळी तो शिफारस म्हणून धरला जात नसे. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला आणि कृत्रिम दुव्यांवर उभी असलेली अनेक स्थळे क्रमवारीत एकदम खाली गेली. २०१९ मध्ये पैसे देऊन घेतलेल्या आणि वाचकांनी घातलेल्या दुव्यांसाठी स्वतंत्र खुणा आल्या.

मराठी स्थळांचा प्रश्न : मराठीत ‘दुवा’ या शब्दास जोड आणि आशीर्वाद असे दोन्ही अर्थ आहेत. अंतर्गामी दुव्यास दोन्ही लागू पडतात, कारण आशीर्वादाप्रमाणेच तो मागून घेण्यापेक्षा कामाने मिळवावा लागतो. खटाव तालुक्याचे ठाणे असलेल्या वडूजचे उदाहरण घेता येईल. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला व परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. या घटनेची साधने एखाद्या स्थानिक स्थळाने नीट संपादून मांडल्यास १९४२ च्या आंदोलनाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकास त्याचा निर्देश करावासा वाटेल. अन्यत्र नाही ते आपल्याकडे असणे, हा दुवेबांधणीचा पहिला नियम होय. त्या स्थळानेही येरळा नदी, औंधचे संग्रहालय, प्रतिसरकार इत्यादी विषयांवरील चांगल्या पृष्ठांकडे वाचकास न्यावे. ‘येथे पहा’ असे मोघम न लिहिता दुव्याच्या शब्दांतच विषय सांगावा.

मराठीपुढे आणखी एक अडचण होती. युनिकोडपूर्व टंकांत रोमन अक्षरांचे संकेत देवनागरी रूपात दाखविले जात. डोळ्यांस मराठी दिसणारे पृष्ठ यंत्रास निरर्थक अक्षरांचे वाटे. जुने अंक व मोडी कागद यांची नुसती छायाचित्रे चढविली, तरी शोधात असाच अडथळा येतो. अशा साहित्याकडे युनिकोड मराठीत लिहिलेले दुवे असले, तर ते हाती लागण्याचा मार्ग खुला होतो.

दुव्यांची जीर्णता : स्थळाचा पत्ता बदलला, अधिक्षेत्राचे नाव वेळेवर नूतनीकृत झाले नाही किंवा संस्था बंद पडली, की इतरांनी दिलेले सर्व दुवे एकदम निष्फळ होतात. पत्ता बदलणे अटळ असल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण ठेवावे. १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था पृष्ठांच्या प्रती जतन करीत आहे; परंतु ती प्रत मूळ स्थळाची जागा घेऊ शकत नाही. गावाचा इतिहास सांगणारे स्थळ लुप्त झाले, तर त्याचा आधार घेऊन लिहिणाऱ्यांचा पुरावाही नाहीसा होतो. दुवा मिळविणे हे श्रेय असले, तरी तो देणाऱ्याने टाकलेला विश्वास वर्षानुवर्षे राखणे हे त्याहून मोठे दायित्व आहे.