सुसंगती, व्यवसाय शिक्षणातील

व्यवसाय शिक्षणात उद्दिष्टे, अभ्यासक्रम व मूल्यमापन यांचा परस्परमेळ राखण्याचे तत्त्व. त्याचे मूळ राल्फ टायलर यांच्या १९४९ मधील मांडणीत आहे (पहा : अभ्यासक्रम), जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते विकसित केले. उद्दिष्ट कृतीच्या भाषेत लिहितात. जोडारी व्यवसायात ‘व्हर्नियर कॅलिपरने माप घेणे’ हे उद्दिष्ट असल्यास कार्यशाळेत तोच सराव हवा आणि परीक्षेतही उमेदवाराच्या हाती कॅलिपर व धातूचा तुकडा हवा. कॅलिपरची आकृती काढून घेणे ही त्या कौशल्याची कसोटी नव्हे. मेळ तुटल्यास प्रमाणपत्र व कौशल्य यांत अंतर पडते, आणि हा दोष गंभीरच मानला पाहिजे. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने अध्ययननिष्पत्तींवर आधारलेले १० स्तर ठरवले (पहा : औद्योगिक प्रशिक्षण संस्था).