चेहरा नसलेला माणूस

कासा परिसरातल्या वारली पाड्यांवर सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. दोन त्रिकोणांची टोके जुळवली की धड झाले. वर गोल काढला की डोके. नाक-डोळे नाहीत, तरी नाचणारा कोण आणि नांगरणारा कोण, ते आपण ओळखतो. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर पोचवली.

फोटोचे कार्टून करताना संगणकही बरेच काही गाळतो. शेजारच्या ठिपक्यांच्या उजेडातला फरक मोजून तो कडा शोधतो आणि २५६ छटांच्या जागी चार-पाचच ठेवतो. कडा शोधण्याची एक रीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८६ मध्ये जॉन कॅनी यांनी अधिक नेमकी रीत दिली. १९९० मध्ये फोटोशॉप आले आणि अशी गणिते सामान्यांच्या हाती पडली.

पण या गणिताला नाकाची कड आणि नाकाच्या सावलीची कड सारखीच. वारली बाई मात्र चेहरा गाळते आणि काम ठेवते. वर्गात चेहरा न काढता मित्राचे चित्र काढायला सांगून पाहू. तो कशावरून ओळखू येतो, यावरच चर्चा रंगेल.