मंगळाची २१ चित्रं

श्रोतेहो, दिवेलागणीनंतर अंगणात बाज टाकून पडलं, की एखाद्या मोसमात आकाशात एक तांबूस ठिपका स्थिर तेवताना दिसतो. तोच मंगळ. पत्रिकेतल्या मंगळाची धास्ती आपल्याकडे पुष्कळ. परंतु पश्चिमेकडच्या लोकांना याच ग्रहानं निराळंच वेड लावलं होतं. १८७७ साली स्कियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाला दुर्बिणीतून मंगळावर रेघा दिसल्या. पुढे अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल म्हणू लागला, की हे कालवेच आहेत. तहानलेल्या ग्रहावरच्या शहाण्या प्राण्यांनी खणलेले!

खरंखोटं करायचं तर जवळ जाऊनच पाहायला हवं. अमेरिकेनं नोव्हेंबर १९६४ मध्ये दोन यानं सोडली. पहिलं, मरिनर-३, फुकट गेलं. त्याच्यावरचं संरक्षक टोपण सुटलंच नाही. तीन आठवड्यांत नवं टोपण बनवून २८ नोव्हेंबरला मरिनर-४ निघालं. वजन अवघं २६१ किलो, आत माणूस नाही. साडेसात महिन्यांनी, १९६५ च्या जुलैत, ते मंगळापासून ९,८४६ किलोमीटरवरून गेलं. उतरलं नाही, थांबलं नाही. जाता जाता चित्रं टिपून फितीवर साठवली.

मग ती पृथ्वीवर आली कशी? जसं हे भाषण तुमच्या घरी येतं, तशीच, रेडिओलहरींवरून! एका चित्राचे ४०,००० ठिपके. प्रत्येकाच्या उजेड-अंधाराला ० ते ६३ यांतला एक आकडा. हे आकडे इतके सावकाश येत, की एका चित्राला आठ तासांहून अधिक लागत. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतील इंजिनियरांना धीर निघेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या फळीवर शेजारी शेजारी लावल्या आणि शाळकरी पोरांसारखे रंगखडू घेऊन त्या रंगवल्या. मंगळाचं जवळून घेतलेलं पहिलं चित्र असं हातानं रंगवलेलं आहे, बरं का!

पुरी चित्रं आली २१. त्यांत कालवे नव्हते, नगरं नव्हती. चंद्रासारखे खड्डे होते. यान मंगळाआड गेलं तेव्हा त्याच्या लहरी तिथल्या हवेतून आल्या. त्यांवरून हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी ठरला. अनेकांचा हिरमोड झाला. मंगळ मेलेला आहे, असं लोक म्हणू लागले.

परंतु त्या चित्रांत मंगळाचा जेमतेम एक टक्का भाग होता. १९७१-७२ मध्ये मरिनर-९ नं भोवती फिरून सारा ग्रह पाहिला, तेव्हा प्रचंड ज्वालामुखी आणि कोरडी नदीपात्रं दिसली. लॉवेल चुकला खरा. पण एका टक्क्यावरून निकाल देणाऱ्यांनीही घाईच केली होती.

गुरुजनहो, उद्या वर्गात फळ्यावर चौकोन आखा. एका मुलानं आकडे वाचावेत, दुसऱ्यानं खडूनं रंगवावं. मंगळाचं चित्र कसं आलं, ते निराळं समजावून सांगावं लागणार नाही.