नाळेची अनामत
वार आणि नाळ परसदारी खड्डा खणून पुरण्याची आपल्याकडील वहिवाट इतकी जुनी, की एखाद्याचे गावाशी असलेले नाते सांगावयाचे झाले तर ‘त्याची नाळ तिथे पुरली आहे’ असेच आपण आजही म्हणतो. मात्र त्या मातीआड केलेल्या वस्तूत जपून ठेवण्याजोगे काही असेल, ही कल्पना सुईणीला नव्हती, तशी पंडितांनाही नव्हती. १६५६ साली लंडनचे वैद्य थॉमस व्हार्टन यांनी ग्रंथींवरील आपल्या लॅटिन ग्रंथात नाळेतील बुळबुळीत गराचे वर्णन केले आणि त्यांचे नाव त्या गराला चिकटले, परंतु रक्तवाहिन्या दबू नयेत म्हणून निसर्गाने घातलेले भरण, याहून अधिक प्रतिष्ठा त्याला तीन शतके लाभली नाही.

त्याचे नशीब पालटले ते गोठवणुकीच्या विद्येने, आणि त्या विद्येच्या मुळाशी एक गफलत आहे. कोंबड्याचे शुक्रजंतू साखरेच्या द्रावणात गोठवू पाहणाऱ्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या हाती लंडनच्या प्रयोगशाळेत भलत्याच द्रवाची बाटली आली. तिच्यात ग्लिसरॉल निघाले, आणि त्याच्या आश्रयाने पेशी हिमावस्थेतूनही जिवंत परतल्या, असे १९४९ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइडचा तसाच गुण दाखविला. याच विद्येच्या बळावर १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमियाने पीडित बालकाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील, गोठवून ठेवलेले रक्त दिले.

रक्ताला असा मान मिळाला, पण गर मात्र उपेक्षितच राहिला. अस्थी व मेद यांच्या पेशींत रूपांतर पावणाऱ्या मूलपेशी त्यातही आहेत, हे २००४ च्या सुमारास नीट सिद्ध झाले, आणि मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, नाळेचे तुकडेच अनामत ठेवण्याची तजवीज सुरू झाली. ही अनामत सोडवून घेणे रक्ताइतके सोपे नाही. रक्तातील पेशी सुट्या असतात. तुकड्याच्या गाभ्यापर्यंत संरक्षक द्रव सारखा झिरपत नाही, म्हणून वितळविताना बऱ्याच पेशी दगावतात. उरलेल्यांसाठी तुकडा धुऊन, अगदी बारीक चिरून, कोलॅजिनेज या विकराने गर विरघळवितात, किंवा ते कण पोषक द्रवात ठेवून नुसती वाट पाहतात. काही दिवसांनी कडांतून चातीच्या आकाराच्या पेशी सरपटत बाहेर येतात व बशीच्या तळाला चिकटतात. मला ही दुसरी, धीराची रीत अधिक आवडते.

आपल्या सरकारी दप्तरात मात्र या अनामतीला जागा मिळालेली नव्हती: २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताच्या पेढ्यांना मुभा ठेवली, आणि नाळेच्या ऊतीच्या व्यापारी साठवणुकीस मनाई केली.