जुना फिटनेस बँड, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर: डस्टबिनमध्ये नको, मग द्यायचा कुठे?

2021 च्या लाटेत तुमच्या घरी ऑक्सिमीटर आला होता ना? आता तो ड्रॉवर उघडून बघा. आमच्याकडच्या ऑक्सिमीटरमधले सेल गळून आतल्या पट्ट्यांवर पांढरी पावडर साचली होती. शेजारीच चार्ज न होणारा फिटनेस बँड पडला होता. मोबाईल जुना झाला की आपण एक्स्चेंज ऑफर शोधतो. या छोट्या वस्तूंना कुणी भाव देत नाही, म्हणून त्या सरळ ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात.

बँड आणि स्मार्टवॉचमध्ये लिथियमची रिचार्जेबल बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली किंवा फुटली, तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. डिजिटल थर्मामीटरमध्ये बटण सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. त्यामुळे काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. फक्त कंपनीची नाही.

परत देण्याआधी डेटा पुसा. स्मार्टवॉच आधी फोनच्या ॲपमधून अनपेअर करा, मग रीसेट. ॲपल वॉच आयफोनवरून अनपेअर केलं की ॲक्टिव्हेशन लॉकही निघतो. नाहीतर घड्याळ चालू असूनही पुढच्या माणसाच्या काही कामाचं नाही. आजीच्या ग्लुकोमीटरमध्ये आणि बीपी मशीनमध्येही तारखेसकट रीडिंग साठवलेली असतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मेमरी डिलीट करता येते का आणि कशी, ते मॅन्युअलमध्ये बघा.

ग्लुकोमीटरसोबतच्या वापरलेल्या स्ट्रिप्स आणि टोचायच्या सुया मात्र ई-कचऱ्यात टाकू नका. त्यांना रक्त लागलेलं असतं, आणि मशीन सुटं करणाऱ्या कामगाराला सुई टोचू शकते. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात जमा करा, डब्यावर तसं लिहा आणि कचरा नेणाऱ्याला सांगून वेगळा द्या.

खरी गोची आहे ती दंडावर लावायच्या शुगर सेन्सरची. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर 14 दिवस चालतो, म्हणजे वर्षाला 26 सेन्सर. प्रत्येकात सर्किट, बॅटरी आणि त्वचेखाली जाऊन आलेली बारीक तार. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांमध्ये वैद्यकीय उपकरणं येतात, पण संसर्ग झालेली वगळून. म्हणून हा सेन्सर बँडच्या पिशवीत टाकू नका. कुठे द्यायचा ते कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. लावायच्या ॲप्लिकेटरमध्ये सुई असते, तो सुयांसोबतच ठेवा.

बाकी सगळं द्यायला आधी कंपनीच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याचं पान शोधा. तिथे सोय नसेल तर महापालिकेचं संकलन केंद्र किंवा नोंदणीकृत रिसायकलर बघा. बँडची बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, उघडू नका, कुरिअरने पाठवू नका. स्वतः नेऊन द्या आणि देताना ती फुगली आहे हे आवर्जून सांगा.