एक धबधबा राहिला, एक बुडाला: इग्वासू आणि सेते केदास

१/
अर्जेंटिनाच्या ईशान्य टोकाला पुएर्तो इग्वासू नावाचे छोटे गाव आहे. सकाळ झाली की तेथून पर्यटकांच्या बसगाड्या वाटाड्यांसह निघतात आणि सतरा-अठरा किलोमीटरवरील राष्ट्रीय उद्यानात पोहोचतात. आत जंगलातून धावणारी छोटी आगगाडी आहे. तिच्या शेवटच्या स्थानकावरून नदीच्या पात्रावर उभारलेली सुमारे एक किलोमीटर लांबीची पायवाट सुरू होते. तिच्या टोकाशी जमीन एकाएकी संपते आणि नालाच्या आकाराच्या घळईत सुमारे ८० मीटर खोल पाणी कोसळताना दिसते. या जागेचे नाव आहे 'सैतानाचा घसा'. दिवस मावळायच्या आत सहल आटोपते.

२/
या सहलीत दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली आकड्यांची: सुमारे २७५ धारा आणि पावणेतीन किलोमीटरची रुंदी. दुसरी ग्वारानी लोकांच्या दंतकथेची: नाइपी नावाची सुंदर तरुणी तिचा प्रियकर तारोबा याच्यासह होडीतून पळाली आणि संतापलेल्या सर्पदेवाने नदीच दुभंगून टाकली.
तिसरी गोष्ट मात्र या उद्यानाच्या हद्दीबाहेरची आहे. येथून सुमारे १८० किलोमीटर उत्तरेस, पाराना नदीवर, इग्वासूहून कितीतरी अधिक पाणी वाहून नेणारा एक धबधबा होता. त्यालाही राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा होता. आज तो धबधबाही नाही आणि ते उद्यानही नाही.

३/
प्रथम भूगोल. पाराना ही या प्रदेशाची महानदी. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. इग्वासू ही तिची उपनदी. ती पूर्वेकडून, ब्राझीलच्या पठारावरून येते, धबधब्यातून खाली उतरते आणि तेथून वीसेक किलोमीटर पुढे पारानाला मिळते. त्या संगमावर अर्जेंटिना, ब्राझील आणि पाराग्वे या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात.
'इग्वासू' हे नाव ग्वारानी भाषेतले. त्याचा अर्थ 'मोठे पाणी'. पारानावरील दुसऱ्या धबधब्याला ब्राझीलमध्ये 'सेते केदास', म्हणजे सात प्रपात, म्हणत. 'ग्वाइरा' हे त्याचे दुसरे नाव.

४/
इग्वासूचा पहिला ज्ञात युरोपीय प्रवासी १५४२ साली आला. अल्वार नुन्येझ काबेसा दे बाका हा स्पेनच्या राजाने ला प्लाता प्रदेशावर नेमलेला अधिकारी. आजच्या ब्राझीलच्या किनाऱ्यापासून पाराग्वेतील असुन्सियोनपर्यंतचा प्रवास त्याने जंगलातून, बहुतांशी पायी केला. वाट दाखवायला सोबत ग्वारानी होते.
नदीचा वेग वाढू लागला तेव्हा होड्या पाण्याबाहेर काढून, धबधब्याला वळसा घालून त्या हातांनी वाहून न्याव्या लागल्या. काबेसा दे बाकाने धबधब्याला 'सांता मारिया' असे नाव दिले. ते टिकले नाही. ग्वारानी नाव टिकले. येथील पहिल्या नोंदवलेल्या सफरीचे वाटाडे ग्वारानीच होते, ही बाब मात्र सहसा तळटीपेत राहते.

५/
सेते केदासचा इतिहास अधिक करुण आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पारानाच्या पूर्वेकडील ग्वाइरा प्रांतात येशूसंघी पाद्र्यांनी ग्वारानींच्या वसाहती उभारल्या. साओ पाउलोकडून येणाऱ्या गुलाम पकडणाऱ्यांच्या टोळ्यांनी या वसाहतींवर एकामागून एक धाडी घातल्या. हजारो माणसे दोरखंडांनी बांधून नेली गेली.
अखेर १६३१ साली अँतोनियो रुइझ दे मोंतोया या पाद्र्याच्या नेतृत्वाखाली उरलेले सुमारे १२,००० ग्वारानी ७०० तराफ्यांवरून आणि होड्यांवरून नदीमार्गे दक्षिणेकडे निघाले. वाटेत सेते केदास आडवा आला.

६/
धबधब्यातून माणसे उतरू शकत नव्हती. निदान होड्या तरी वाचतील या आशेने ३०० रिकाम्या होड्या प्रवाहात सोडण्यात आल्या. खाली पोहोचली ती फक्त लाकडाची ढलपी.
मग लहान मुले, वृद्ध आणि आजारी यांना सोबत घेऊन सारा समुदाय काठाच्या जंगलातून चालत निघाला. धबधब्यांची ती रांग ओलांडल्यावर पुन्हा तराफे बांधण्यात आले. उपासमारीने आणि रोगाने अनेकांचा बळी घेतला. जे वाचले त्यांनी दक्षिणेस नव्या वसाहती वसवल्या. आज अर्जेंटिनाच्या मिसियोनेस प्रांतात पर्यटक ज्या सान इग्नासियो मिनी या लाल दगडांच्या अवशेषांना भेट देतात, ती वसाहत याच निर्वासितांची. इग्वासूचे उद्यानही त्याच प्रांतात आहे.

७/
'राष्ट्रीय उद्यान' ही कल्पना या भूमीत आली ती एकोणिसाव्या शतकात. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. चारच वर्षांनी, १८७६ मध्ये, ब्राझीलचे अभियंते आंद्रे रेबोसास यांनी इग्वासू परिसरात असेच उद्यान व्हावे अशी सूचना मांडली. रेबोसास हे कृष्णवर्णीय होते आणि गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी झटणाऱ्यांतील अग्रणी होते. त्यांची सूचना प्रत्यक्षात यायला साठहून अधिक वर्षे लागली.

८/
अर्जेंटिनाच्या बाजूला सहलीने आधी वाट काढली आणि उद्यान तिच्या मागून आले. १९०१ साली नदीमार्गे आलेल्या प्रवाशांना बंदरापासून धबधब्यापर्यंत जायला धड रस्ता नव्हता. व्हिक्टोरिया आगिरे या धनिक महिलेने तो करण्यासाठी पैसे दिले. तिच्या सन्मानार्थ पुढे अनेक वर्षे त्या वस्तीला 'पुएर्तो आगिरे' म्हणत. तेच आजचे पुएर्तो इग्वासू.
पाठोपाठ १९०२ मध्ये सरकारने कार्लोस थाइस या फ्रान्समध्ये जन्मलेल्या उद्यानरचनाकाराला पाहणीसाठी पाठवले. अनेक वर्षांच्या आराखड्यांनंतर सरकारने जमीन विकत घेतली आणि १९३४ च्या कायद्याने इग्वासू राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले.

९/
ब्राझीलच्या बाजूची कथा एका विमानवेड्या माणसाची आहे. १९०६ साली पॅरिसमध्ये विमान उडवून जगप्रसिद्ध झालेले आल्बेर्तो सांतोस दुमाँ १९१६ च्या एप्रिलमध्ये धबधबा पाहायला आले. हे सारे दृश्य एका खाजगी जमीनमालकाच्या नावावर आहे, असे त्यांना तेथे कळले.
परतीचा सोपा जलमार्ग सोडून ते घोड्यावर बसले. अनेक दिवस जंगलातून प्रवास करून ते गुआरापुआवा येथे पोहोचले आणि तेथून पुढे पाराना राज्याची राजधानी कुरितिबा येथे. धबधब्याची जमीन सार्वजनिक व्हावी, हे त्यांचे राज्याध्यक्ष अफॉन्सो कामार्गो यांच्याकडचे मागणे होते. २८ जुलै १९१६ रोजी १,००८ हेक्टर जमीन सार्वजनिक हितासाठी ताब्यात घेण्याचा आदेश निघाला. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित केले. सांतोस दुमाँ यांचा पुतळा आज त्या उद्यानात उभा आहे.

१०/
सेते केदासला असाच कागद १९६१ साली मिळाला. ब्राझील सरकारने तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. सुमारे ३८० मीटर रुंदीची पाराना नदी येथे जेमतेम ६० मीटरांच्या घळईत शिरत असे. त्या कोंडलेल्या पाण्याचा गडगडाट कित्येक किलोमीटर दूर ऐकू येई. ग्वाइरा हे काठावरचे गाव पर्यटनावर वाढत होते. झुलत्या पुलांवरून लोक या खडकावरून त्या खडकावर जात आणि पाण्याचे तुषार अंगावर घेत.
पण याच पाण्याकडे आणखी दोन दृष्टींनी पाहिले जात होते: वीज आणि सीमा.

११/
१८७२ च्या तहात ब्राझील आणि पाराग्वे यांची सीमा सेते केदासपर्यंत येते असे ठरले होते. पण ती नेमकी कोणत्या प्रपातापाशी टेकते, यावर वाद धुमसत राहिला. जो देश काठाचा धनी, तो पाण्याच्या शक्तीचाही धनी. १९६५ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने वादग्रस्त भागात सैनिक आणून ठेवले.
तोडगा १९६६ च्या वाटाघाटींत दिसू लागला आणि २६ एप्रिल १९७३ च्या करारात पक्का झाला. नदीची वीज दोघांनी निम्मी निम्मी घ्यायची आणि त्यासाठी खाली इताइपू येथे धरण बांधायचे. त्या धरणाच्या पाण्याखाली वादाची जागाच बुडणार होती. त्या वेळी ब्राझीलमध्ये लष्कराची सत्ता होती आणि पाराग्वेत हुकूमशहा आल्फ्रेदो स्त्रोसनर याची. खुल्या विरोधाला फारसा वाव नव्हता.

१२/
राष्ट्रीय उद्यानाचे काय झाले? १९८१ साली सरकारी आदेशाने ते रद्द करण्यात आले. वीस वर्षांपूर्वी एका आदेशाने जन्मलेले उद्यान दुसऱ्या आदेशाने संपले.
बातमी पसरली तसे लोक शेवटचे दर्शन घेण्यासाठी लोटू लागले. १७ जानेवारी १९८२ हा रविवार होता. पर्यटक जात असलेला एक झुलता पूल तुटला आणि तीसहून अधिक माणसे पाण्यात गेली ती परत आली नाहीत. धबधब्याला निरोप द्यायला आलेल्यांपैकीच काहींचा निरोप घ्यावा लागला.

१३/
त्याच वर्षी ब्राझीलचे थोर कवी कार्लोस द्रुमोंद दे आंद्रादे यांनी सेते केदासला निरोप देणारी कविता वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. १३ ऑक्टोबर १९८२ रोजी इताइपूचे दरवाजे बंद झाले. पावसाने नद्या भरून वाहत होत्या. अवघ्या दोन आठवड्यांत जलाशय भरला आणि सेते केदासचा आवाज थांबला.
१,३५० चौरस किलोमीटरच्या त्या जलाशयाखाली धबधब्यासोबत शेतीही गेली आणि आवा-ग्वारानी लोकांच्या वस्त्याही. हजारो कुटुंबांना उठावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी १६३१ मध्ये जीव मुठीत धरून हाच परिसर सोडला होता, त्या समाजावर साडेतीनशे वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. या वेळी पाठलाग करणारी टोळी नव्हती. नदीचे पाणी चढत होते.

१४/
इताइपूच्या बाजूनेही बोलायला हवे. १४,००० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र जगातील सर्वांत मोठ्या जलविद्युत केंद्रांपैकी एक आहे. १९८४ पासून त्याने दोन देशांतील कोट्यवधी घरे उजळली. पाराग्वेसारख्या लहान देशाला त्याच्या गरजेहून कितीतरी अधिक वीज मिळाली. एक सीमावाद रक्ताविना मिटला. त्यामुळे ही कथा साध्या खलनायकाची नाही. जमाखर्च मांडताना धबधब्याच्या रकान्यात कोणता आकडा लिहायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ज्याला आकडा नाही, तो रकाना रिकामा सोडून बेरीज केली गेली.

१५/
मग इग्वासू कसा वाचला? तो उपनदीवर आहे; त्याचे पाणी पारानाच्या मानाने थोडे. तो दोन देशांत विभागलेला आहे. १९७० च्या दशकापर्यंत दोन्ही काठांवरची उद्याने तीन-चार दशकांची झाली होती आणि जगभरचे प्रवासी तेथे येत होते. पुढे युनेस्कोने १९८४ मध्ये अर्जेंटिनाच्या आणि १९८६ मध्ये ब्राझीलच्या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.
तरीही नदी पूर्णपणे मोकळी नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला इग्वासूवर सहा मोठी जलविद्युत धरणे आहेत. त्यांतील तिघांची नावे आहेत साल्तो सांतियागो, साल्तो ओसोरियो आणि साल्तो काशियास. 'साल्तो' या शब्दाचा अर्थच धबधबा. सहावे धरण, बाइशो इग्वासू, २०१९ मध्ये सुरू झाले. ते उद्यानाच्या अगदी जवळ आहे. सहलीच्या दिवशी कड्यावरून किती पाणी पडेल, हे आता पावसाबरोबर या धरणांच्या दरवाजांवरही अवलंबून असते.

१६/
जागतिक वारशाचा दर्जाही निर्धास्त करणारा नाही. ब्राझीलच्या उद्यानातून जाणारा एक रस्ता न्यायालयाने १९८६ मध्ये बंद केला होता. पुढे स्थानिकांनी तो बळाने उघडला. त्यामुळे १९९९ मध्ये युनेस्कोने हे उद्यान धोक्यातील वारशांच्या यादीत घातले. २००१ मध्ये रस्ता पुन्हा बंद झाल्यावरच ते यादीतून बाहेर आले.
उद्यान एकदा घोषित करून भागत नाही. प्रत्येक पिढीला तो निर्णय पुन्हा घ्यावा लागतो.

१७/
आज ब्राझीलच्या फोझ दो इग्वासू शहरातून दोन सहली निघतात. एक धबधब्याकडे जाते, दुसरी इताइपू धरणाकडे. दोन्ही ठिकाणी वाटाडे असतात, बसगाड्या असतात, छायाचित्रांच्या जागा ठरलेल्या असतात. धबधब्याच्या उद्यानात ग्वारानी कुटुंबे लाकडात कोरलेले प्राणी आणि विणलेल्या टोपल्या विकायला बसतात. धरणावर टर्बाइनांची संख्या सांगितली जाते, वीस.
सेते केदासकडे कोणतीही सहल जात नाही. ग्वाइराच्या काठावर उभे राहिले, तर रुंद, शांत पाणी दिसते. तीनशे रिकाम्या होड्या जेथे फुटल्या, ते खडक त्याच्याखाली आहेत.